खाडा, रजा आणि मावशींची सुट्टी

मराठीत कामावर न येण्याला किती शब्द आहेत, हे एकदा मोजून पाहावे. प्राध्यापक 'रजेवर' असतात, विद्यार्थी 'दांडी' मारतात, कचेरीला 'सुट्टी' असते आणि घरकामाला येणारी बाई 'खाडा' करते. घडते ते सगळीकडे एकच: माणूस त्या दिवशी कामाच्या जागी नसतो. पण शब्द मात्र माणूस पाहून बदलतो. 'रजा' हा अरबी-फारसीच्या वाटेने मराठीत आलेला शब्द. संमती हा त्याचा मूळ अर्थ. 'सुट्टी'चे नाते 'सुटणे' या क्रियापदाशी आहे. 'खाडा' म्हणजे हजेरीत पडलेला खंड. रजा आधी मागितली जाते, आधी मंजूर होते आणि तिचा अर्ज फायलीत जातो. खाडा नंतर मोजला जातो आणि महिन्याच्या अखेरीस पगारातून कापला जातो.

हा विषय वरवर पाहता साहित्यबाह्य वाटेल, आणि साहित्याच्या विद्यार्थी-शिक्षकांसाठी असलेल्या या जागेवर तो कशासाठी, असा प्रश्नही कोणी विचारील. आमचे उत्तर असे, की शब्दांच्या निवडीत समाजाचे व्यवहार कसे दडलेले असतात हे आपण वर्गात शिकवतो, तेव्हा तेच भिंग स्वतःच्या घराच्या उंबरठ्याशी धरून पाहायला हरकत नसावी. येथे आम्ही चर्चेसाठी एकच प्रसंग घेत आहोत: मूल सांभाळण्यासाठी बाई ठेवताना होणारी पहिली बोलणी, आणि त्या बोलण्यांत आधीपासून ठरलेल्या सुट्ट्यांना असलेले, किंवा नसलेले, स्थान.

शहरांतल्या मध्यमवर्गीय घरांत ही बोलणी कशी होतात ते सर्वांना ठाऊक आहे. बाळ किती महिन्यांचे, वेळ किती ते किती, भरवणे-आंघोळ-झोपवणे याखेरीज बाळाचे कपडे धुवायचे की नाही, चहा-जेवण इथे की घरून, पगार किती. सुट्टीचा विषय निघालाच तर शेवटी, दाराशी, चपला घालता घालता. आणि तोही बहुधा एका सूचनेच्या रूपात: "खाडे मात्र फार करू नका हं, मावशी." अशा वेळी समोरची बाई धीर करून म्हणते, "ताई, आधीच सांगते, आषाढीला मी वारीला जाते," किंवा "मार्गशीर्षात मुलीचं बाळंतपण आहे, पंधरा दिवस जावं लागेल," तेव्हा घरातली माणसे एकमेकांकडे पाहतात. ती गेल्यावर जे वाक्य उच्चारले जाते तेही ठरलेले आहे: "अजून कामाला लागली नाही, तोच सुट्ट्या मागते!"

आमचे म्हणणे याच्या नेमके उलट आहे. पहिल्या भेटीत आपल्या ठरलेल्या सुट्ट्या सांगणारी बाई ही त्या घराला मिळू शकणारी सर्वांत विश्वासू बाई असते. आणि ज्या घराला हे ऐकून घेता येत नाही, ते घर पुढे अचानक पडणाऱ्या खाड्यांची तयारी स्वतःच करून ठेवत असते.

प्रथम वाङ्मयाकडे पाहू, कारण आपल्या अपेक्षा तिथूनच घडल्या आहेत. मूल सांभाळणाऱ्या माणसाचा आदर्श म्हणून आपल्यासमोर कोण आहे? चितोडची पन्ना दाई. उदयसिंहाला वाचवण्यासाठी तिने पोटच्या मुलाला त्याच्या जागी निजवले, ही कथा शाळकरी वयातच आपल्या मनावर कोरली जाते. रवींद्रनाथांच्या 'खोकाबाबूर प्रत्यावर्तन' या कथेतला रायचरण तर त्याहून बोलका आहे. त्याच्या देखरेखीत असलेले मालकाचे मूल पद्मा नदीत नाहीसे होते. पुढे रायचरणला स्वतःला मुलगा होतो, त्याला तो मालकाच्या मुलासारखा वाढवतो आणि शेवटी हाच तुमचा हरवलेला मुलगा म्हणून मालकाच्या स्वाधीन करतो. दोन्ही कथा श्रेष्ठ आहेत, त्यांतला त्याग खरा आहे. परंतु दोहोंत सांभाळणाऱ्याचे स्वतःचे मूल हेच मोल म्हणून दिले जाते, हे लक्षात घ्यायला हवे. या परंपरेत वाढलेल्या वाचकाला, मुलीच्या बाळंतपणासाठी पंधरा दिवस मागणारी बाई किंचित कृतघ्न वाटली, तर त्यात नवल नाही. आपण तिच्याकडून नकळत पन्नाची अपेक्षा करत असतो. पगार मात्र मोलकरणीचा ठरवत असतो.

याच्या शेजारी एक अगदी निराळे पात्र ठेवून पाहा. पी. एल. ट्रॅव्हर्स यांचे 'मेरी पॉपिन्स' हे पुस्तक १९३४ साली प्रसिद्ध झाले. लंडनमधल्या बँक्स कुटुंबात मुले सांभाळायला आलेली ही बाई जादूगार आहे, छत्री धरून आकाशातून उतरते, हे चित्रपटामुळे सर्वांना माहीत आहे. पण पुस्तकातला एक साधा व्यवहारी प्रसंग आम्हांला जादूपेक्षा अधिक महत्त्वाचा वाटतो. घरची बाई तिला सांगते की दर तिसऱ्या गुरुवारी, दोन ते पाच, तुला सुट्टी मिळेल. मेरी पॉपिन्स तिला ऐकवते की चांगल्या घरांत दर दुसऱ्या गुरुवारी आणि एक ते सहा अशी सुट्टी देतात, आणि आपण तीच घेणार. घरची बाई मुकाट्याने मान्य करते. बालवाङ्मयाच्या पुस्तकात लेखिकेला हा तपशील घालावासा वाटला, कारण त्या समाजात मूल सांभाळणे ही नोकरी होती आणि नोकरीला सुट्टीचा दिवस असतो हे गृहीत होते. वाद दिवसांच्या संख्येवर होता, हक्कावर नव्हता. मुलांच्या प्रेमात त्यामुळे काही उणे आल्याचे पुस्तकात कुठेच दिसत नाही.

आपल्याकडे हक्काचा हा प्रश्न नात्याच्या शब्दांखाली झाकला जातो. बाळाला सांभाळणारी 'मावशी' असते. घरातल्या सुनेला ती 'ताई' म्हणते, सासूबाईंना 'आजी'. हे शब्द खोटे नाहीत. कित्येक घरांत ते मनापासून उच्चारले जातात, आणि मूल तर सांभाळणाऱ्या माणसाला खरोखरच आपले मानते. परंतु नात्याचा शब्द दोन्ही बाजूंनी सारखा वापरला जात नाही. 'तुम्ही घरच्याच' हे वाक्य जादा वेळ थांबवताना उच्चारले जाते, पगार कापताना उच्चारले जात नाही. खऱ्या मावशीने भाचीच्या लग्नाला आठ दिवस जायचे म्हटले तर कोणी तिचे दिवस मोजत नाही. म्हणून आमची सूचना अशी, की मावशी म्हणावेच, पण पहिल्या भेटीतली बोलणी मात्र नोकरीची म्हणून करावीत.

सुट्टी हा हक्क आपल्या समाजाला सहज मिळालेला नाही, हेही इथे आठवले पाहिजे. मुंबईच्या गिरणी कामगारांना आठवड्याची सुट्टी नव्हती. सत्यशोधक चळवळीतले नारायण मेघाजी लोखंडे यांनी त्यासाठी अनेक वर्षे आंदोलन चालवले आणि १८९० च्या जून महिन्यात रविवारची सुट्टी मान्य झाली. आज आपण सर्वजण जो रविवार उपभोगतो त्यामागे ही लढाई आहे. घरकाम करणाऱ्या बायकांपर्यंत मात्र तो रविवार पोहोचला नाही, कारण रविवारी घरचे सगळे घरी असतात आणि म्हणून काम उलट वाढलेले असते. पुण्यात १९८० मध्ये मोलकरणींनी संप केला, त्यातून पुणे शहर मोलकरीण संघटना उभी राहिली. पगारवाढीच्या बरोबरीने भरपगारी सुट्टी ही त्या लढ्यातली मागणी होती. महाराष्ट्राने २००८ मध्ये घरकामगारांच्या कल्याण मंडळासाठी कायदा केला. नोंदणी आणि कल्याणकारी साहाय्य हा त्याचा गाभा. सुट्टी किती आणि कशी, हे तो ठरवत नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०११ च्या जूनमध्ये घरकामगारांसाठीचा १८९ वा करार संमत केला. आठवड्यातून सलग किमान चोवीस तास विश्रांती, आणि कामाच्या अटी, त्यांत भरपगारी वार्षिक रजाही आली, कामगाराला समजतील अशा रीतीने सांगणे, शक्यतो लेखी देणे, अशी कलमे त्यात आहेत. भारताने तिथे बाजूने मत दिले, पण कराराला मान्यता दिलेली नाही. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घरकामगारांसाठी कायद्याची चौकट करण्याचा विचार व्हावा म्हणून समिती नेमण्याचे निर्देश केंद्राला दिले. कायदा व्हावा तेव्हा होईल. तोवर सगळा कायदा त्या पहिल्या भेटीतच घडतो, आणि तो घडवणारे आपणच असतो.

आता दुसरी बाजू. तिला हलके लेखण्याची आमची इच्छा नाही, कारण ती आमच्याच सहकारी भगिनींची बाजू आहे. २०१७ च्या दुरुस्तीने प्रसूती रजा बारा आठवड्यांवरून सव्वीस आठवड्यांवर गेली. सव्वीस आठवडे संपतात तेव्हा बाळ सहा महिन्यांचे असते, नुकती पेज-खिमटी सुरू झालेली असते. महाविद्यालयातल्या शिक्षिकेला वर्षाला आठ नैमित्तिक रजा असतात. सत्र परीक्षा, पेपर तपासणी, पर्यवेक्षण यांच्या तारखा तिच्या हातात नसतात. अशा स्थितीत सकाळी साडेसात वाजता 'आज येत नाही' असा निरोप आला, तर तिचा दिवसच नव्हे, नोकरीतली पतही पणाला लागते. आणि बहुतेक घरांत ही रजा आईचीच खर्ची पडते, वडिलांची नव्हे. तेव्हा सुट्टीचे नाव काढताच तिच्या पोटात गोळा येतो, हे समजण्यासारखे आहे. शिवाय वर्ष-दीड वर्षाचे मूल सांभाळणारे माणूस अचानक दिसेनासे झाले की कावरेबावरे होते, खात नाही, झोपत नाही. ही अडचण काल्पनिक नाही.

परंतु ही सर्व अडचण कशामुळे आहे? अनुपस्थितीमुळे की अचानकपणामुळे? आमच्या मते, दहांतल्या आठ वेळा अचानकपणामुळे. आषाढी एकादशी कधी येणार हे पंचांगात छापलेले असते. पालखी ज्येष्ठ वद्य अष्टमीला आळंदीहून निघते हे सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. गावची जत्रा, भाऊबीज, गौरी, पोराची दहावीची परीक्षा, मुलीचे दिवस भरण्याचा महिना: यांतले काहीही आकाशातून कोसळत नाही. आपल्या घरोघरी भिंतीवर 'कालनिर्णय' असते. त्यावर पुढच्या वर्षभराचे सण छापलेले असतात आणि त्याच चौकटींत आपण दुधाच्या पिशव्या व बाईचे खाडे पेन्सिलीने नोंदवतो. छापलेली माहिती आधीची, पेन्सिलीची नंतरची. पहिल्या भेटीतच दोघींनी त्या भिंतीसमोर उभे राहून, तिचे दिवस आणि आपले दिवस त्या चौकटींत आधीच लिहिले, तर पेन्सिलीच्या खुणा निम्म्याहून कमी होतील.

आणखी एक तुलना करून पाहावी. तेच मूल पाळणाघरात घातले, तर प्रवेशाच्या दिवशी पालकांच्या हाती एक छापील कागद पडतो. दिवाळीचे इतके दिवस बंद, मे महिन्यात आठवडाभर बंद, सार्वजनिक सुट्ट्या बंद, आणि महिन्याची फी पूर्ण द्यावी लागेल. पालक तो कागद वाचतात, सही करतात, आपल्या रजा त्यानुसार लावतात. 'अजून मूल घेतले नाही तोच सुट्ट्या सांगतात' असे पाळणाघराच्या संचालिकेबद्दल कोणी म्हटल्याचे आमच्या ऐकण्यात नाही. तीच माहिती एका बाईने तोंडी सांगितली की ती मागणी ठरते. फरक माहितीत नाही. ती छापील कागदावर आली की नऊवारीच्या पदराआडून आली, एवढाच आहे.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो बाईच्या बाजूने येतो म्हणून अधिक गंभीर आहे. पहिल्याच भेटीत सुट्ट्या सांगितल्या तर काम मिळत नाही. तेव्हा आधी गप्प बसावे, दोन महिने मन लावून काम करावे, मूल लळा लावील, मग सांगावे. तेव्हा कोणी नाही म्हणत नाही. बायका एकमेकींना हा सल्ला देतात, आणि त्यात अनुभवाचे शहाणपण आहे. आम्ही त्याला लबाडी म्हणणार नाही. ज्याच्या हातात दुसरे काही नाही, तो मौनाचा वापर करतो.

साहित्याच्या विद्यार्थ्यांना हे परके वाटण्याचे कारण नाही. आज एम.ए., नेट-सेट होऊन बाहेर पडणाऱ्या अनेकांच्या वाट्याला तासिका तत्त्वावरचे काम येते. तिथे घेतलेल्या तासाचा पैसा मिळतो. न घेतलेल्या तासाचा नाही. दिवाळीच्या आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत कायम प्राध्यापकाचा पगार चालू असतो, तासिकावाल्याचा थांबतो. 'रजा' हा शब्द त्याच्या कोशात नसतो. त्याचाही खाडाच असतो. त्या मुलाखतीला बसलेली तरुणी, चार महिन्यांनी लग्न ठरले आहे किंवा दिवस गेले आहेत, हे मंडळासमोर सांगावे की नाही या विवंचनेत असते. सांगितले तर ऑर्डर निघणार नाही, न सांगितले तर पुढे 'फसवले' असा ठपका. बाळ सांभाळायला आलेल्या बाईची विवंचना याहून वेगळी नाही. टेबलाच्या एका बाजूला जिला हा प्रश्न छळतो, तीच सहा वर्षांनी दुसऱ्या बाजूला बसलेली असते. तिने निदान तो प्रश्न ओळखावा.

म्हणून आमच्या मताचा मुख्य भाग असा: सुट्टीचा विषय काढण्याची जबाबदारी काम देणाऱ्याची आहे. दुबळ्या पक्षाने प्रामाणिकपणाची जोखीम घ्यावी आणि सबळ पक्षाने तिची किंमत वसूल करावी, ही रीत सोडली पाहिजे. पगाराचा आकडा ठरण्यापूर्वी घरच्या माणसानेच विचारावे, "मावशी, वर्षभरात तुम्हांला कधी कधी जावं लागतं? जत्रा, वारी, घरचं कार्य, काही ठरलेलं आहे का?" आणि लगेच आपले दिवसही सांगावेत: "दिवाळीत आम्ही आठ दिवस गावी असतो, मे महिन्यात पंधरा दिवस. त्या दिवसांचा पगार कापणार नाही." हा शेवटचा भाग अत्यंत महत्त्वाचा आहे. शिक्षकी पेशातल्या घरांत दीर्घ सुट्टीचा पूर्ण पगार खात्यात जमा होतो, आणि पुष्कळदा त्याच महिन्यांत बाईला 'आता जूनमध्ये या' असे सांगितले जाते. ही तिची सुट्टी नाही, ही आपली सुट्टी आहे. तिचा भार तिच्यावर टाकणे कोणत्याही हिशेबात बसत नाही.

हिशेबच करायचा तर तोही करू. समजा, महिन्याचा पगार बारा हजार रुपये आहे. तीस दिवसांनी भागले तर दिवसाचे चारशे. वर्षाला पंधरा दिवस ठरलेली भरपगारी रजा दिली, तर तिचे मोल सहा हजार, म्हणजे महिन्याला पाचशे रुपये. तेवढ्या दिवसांत बदलीच्या बाईला द्यावे लागतील ते आणखी सहा हजार धरले, तरी महिन्याचा भार हजारापलीकडे जात नाही. सगळ्यांनाच तो सोसेल असे नाही. ज्यांचेच उत्पन्न तासिकेवर आहे त्यांनी पंधराऐवजी आठ दिवस म्हणावेत, पण ते आधी म्हणावेत. आजारपण आणि मर्तिक यांसारख्या न सांगता येणाऱ्या प्रसंगांसाठी वेगळे चार-सहा दिवस धरावेत, म्हणजे ठरलेली रजा आणि अडलेली रजा यांची गल्लत होणार नाही. बदलीची सोय कोणी करायची हेही तेव्हाच बोलावे. तिची एखादी जाऊ वा शेजारीण येणार असेल, तर तिने आधीचे दोन दिवस बरोबर येऊन बसावे, म्हणजे मुलाला नवा चेहरा परका राहत नाही. आणि हे सारे एका वहीच्या पानावर लिहून दोघींकडे एकेक प्रत असावी. बाईला वाचता येत नसेल तर तिच्या मुलाकडून वा मुलीकडून ते वाचून घ्यायला वेळ द्यावा.

तिच्या मुलाचा उल्लेख आम्ही मुद्दाम केला. बेबी हालदार यांचे 'आलो-आंधारि' हे आत्मकथन २००२ मध्ये हिंदीत प्रसिद्ध झाले तेव्हा त्या गुडगावमध्ये घरकाम करत होत्या आणि तीन मुलांच्या आई होत्या. घरकाम करणाऱ्या बाईबद्दल इतरांनी लिहिलेले आपण पुष्कळ वाचले होते. इथे तीच लिहीत होती. दुसऱ्याच्या घरी राबताना आपल्या मुलांचे काय, हा प्रश्न त्या पुस्तकात सतत जाणवतो. आपल्या बाळाला सांभाळणारी बाई आपल्याकडे असते ते तास ती तिच्या मुलांकडे नसते. ती वर्षातून जे पंधरा दिवस मागते, ते बहुधा त्यांच्यासाठीच असतात. रायगडाचे दरवाजे बंद झाले म्हणून तान्ह्या बाळासाठी कडा उतरून गेलेल्या हिरकणीचे आपल्याला केवढे कौतुक. एसटी स्थानकांवरच्या स्तनदा मातांच्या खोलीलाही आपण तिचे नाव दिले. मात्र हिरकणीला कडा का उतरावा लागला, याचे उत्तर सरळ आहे: दरवाजा बंद झाला होता, आणि अडचण सांगूनही कोणी दार उघडले नाही.

आपल्या घरांचे दरवाजे किल्ल्याचे नाहीत. पहिल्या भेटीत एक प्रश्न विचारून ते उघडे ठेवता येतात. येत्या जूनमध्ये अनेक घरांत नव्या बायका कामाला लागतील, नव्या बोलण्या होतील. त्यांत 'खाडे किती चालतील' या प्रश्नाऐवजी 'रजा कधी हवी' हा प्रश्न विचारला जावा, आणि तो आधी आपल्या बाजूने विचारला जावा, एवढीच आमची अपेक्षा आहे. मतभेद असणाऱ्यांनी आपले म्हणणे जरूर मांडावे. विशेषतः ज्यांनी अशी रजा ठरवून दिली आणि निभावली, त्यांचे अनुभव आम्हांला ऐकायचे आहेत.